गारांचं गाऱ्हाणं

बसच्या मागच्या बाकावरून कोर्बिनियनने खर्जात सूर धरला, तशी रोझविटा जागेवरून उठली आणि खिडक्या लावू लागली. आधी आपल्या बाजूची, मग वालबुर्गाच्या डोक्यावरची. तिसरीची कडी ओढताना तिच्या ध्यानात आलं की गाणं थांबलंय आणि सगळे तिच्याकडे बघून हसताहेत.

"अगं बाई, बस आहे ही, चर्च नव्हे," वालबुर्गा म्हणाली. "उकडून मारतेस का आम्हाला?"

"सवय," रोझविटा पुटपुटली.

"सवय कसली! झेन्झीआजीचा धाक आहे तो," कोर्बिनियन ओरडला. "पोरीची साठी उलटली, तरी आईचा बांबू पाठीवर आहेच!"

रोझविटा हसली आणि खिडकी पुन्हा उघडून खाली बसली. हात मात्र मांडीवर स्वस्थ राहीना.

श्टेगनरीडमध्ये गाणं सुरू होण्याआधी चर्चच्या सातही खिडक्या बंद होतात. टोकाला आकडा लावलेला एक लांब बांबू घंटेच्या दोराशेजारी टांगलेला असतो, आणि तो हाती घेण्याचा मान चर्चची देखभाल करणाऱ्याचा. आधी तो रोझविटाच्या आईचा होता, आता रोझविटाचा. हिवाळ्यात कोणाला त्याचं काही वाटत नाही. पण मे महिन्यात क्रुसाचा सण झाला की सुगीपर्यंत दर रविवारी गारांचं गाऱ्हाणं असतं, आणि तेव्हा आत जीव घुसमटतो. आसपासच्या सगळ्या गावांत त्या वेळी चर्चचे दरवाजे सताड उघडे टाकतात. गाऱ्हाणं शेतांवरून जायला हवं, ढगांपर्यंत पोचायला हवं, तर गारा वळणार. श्टेगनरीडमध्ये उलट. युद्धाच्या काळात एका उन्हाळ्यात खिडक्या लावून गाऱ्हाणं झालं आणि त्या वर्षी अख्ख्या डोंगरावर एक गार पडली नाही. तेव्हापासून खिडक्या बंद. शेजारच्या गावचे लोक चेष्टा करतात. बिशपांकडून एकदा कोणी आलं, त्यांनीही विचारलं. "ऑर्गनला दमट हवा बाधते," गायकवृंदाच्या मास्तरांनी सांगितलं आणि विषय मिटला.

आणि गाऱ्हाणं तरी कसं! ते एकदा ऐकलं की नुसतं बोललेलं प्रवचन अळणी लागतं. फादर आधी साध्या शब्दांत एखाद्या संताची गोष्ट सुरू करतात. शब्द थोडं अंतर चालतात, मग सूर येऊन त्यांना खांद्यावर घेतो, आणि बघता बघता गोष्टीचं मागणं झालेलं असतं. आगीपासून, विजेपासून, वाटेवरच्या मरणापासून. एकेक ओळ फादर वर फेकतात आणि सगळा गाव ती झेलतो: *ऐक, प्रभू, वळून पाहा.* चालही श्टेगनरीडची स्वतःची. "वळून"वर सूर एक पायरी खाली उतरतो, थबकतो, आणि मग "पाहा"ला असा वर चढतो की अंगावर काटा येतो. दुसऱ्या कुठल्या गावाला ती पायरी जमत नाही.

पण आज गाऱ्हाणं म्हणायचं नव्हतं. खाणीतल्या नाझी छळछावणीत मेलेल्यांचा वार्षिक स्मृतिदिन महिन्याभरावर आला होता आणि स्मृतिस्थळाच्या लोकांनी या वर्षी सर्वांत जवळच्या गावाला गायला बोलावलं होतं. त्यांचा नियम असा, की ज्याला तिथे गायचंय त्याने आधी वाटाड्याबरोबर सगळी जागा हिंडून पाहायची. त्यावरून तालमीत बराच काथ्याकूट झाला. गावातलं कोणी आजवर तिथे गेलेलं नव्हतं. जवळ म्हणावं तर दफनभूमीच्या भिंतीवरून दगड टाकला तर खाणीत पडेल. पण तिथली उतरणीची पायवाट काटेरी जाळ्यांनी कधीच बुजली होती, आणि बसला अख्खा डोंगर वळसा घालून जावं लागत होतं.

गावाचं म्हणणं सोपं होतं. वारा नेहमी गावाकडून खाणीकडे वाहतो, खालचं वर काही ऐकू यायचं नाही. वर्तमानपत्रवाले आले, शाळेची मुलं आली, तर लोक त्यांना झेन्झीआजीकडे पाठवत. त्या काळातली ती एकटीच उरली होती, आणि ती खोटं बोलते असं तिचा वैरीही म्हणाला नसता. खाटेवर बसून, जपमाळ मनगटाला गुंडाळून ती सगळ्यांना एकच वाक्य सांगायची: "खालून वर काही आलं नाही."

रोझविटाचा त्या वाक्यावर क्रुसाइतका विश्वास होता. आज सकाळी तिने आईच्या उशाशी पाणी ठेवलं, तेव्हा आईने तिचं मनगट धरलं.

"जा. गाण्याचं ठरवून ये," आई म्हणाली. "ऐकत बसू नकोस."

*

फाटकापाशी एक उंच, उन्हाने नाक सोललेली तरुण बाई उभी होती. इन्का फॉस. बोलण्यावरून समुद्राकडची, उत्तरेची. तिने सगळ्यांशी हात मिळवला, टोप्या घालायला सांगितल्या, आणि चालायला लागली.

दाखवण्यासारखं फार नव्हतं, आणि तेच वाईट होतं. खडीमध्ये रेघा ओढाव्यात तसे बराकींचे पाये. गवत कापलेलं. एक पाण्याचा नळ. इन्का हळू आवाजात सांगत होती, आवाज न चढवता, एखादी बाई शेजारणीला घराची हकिकत सांगते तशी. इथे झोपायचे. इथे उभं करायचे. इथून दगड न्यायचे. हंगेरीतून ज्यूंची गाडी आली ती मे महिन्याच्या अखेरीला. कोर्बिनियनने सुरुवातीला वालबुर्गाच्या कानात काहीतरी म्हटलं होतं. दुसऱ्या बराकीनंतर त्याने टोपी काढून हातात घेतली.

वारा पडला होता. पश्चिमेला ढगांची एक कड उगवून तशीच टेकून राहिली होती.

"पाऊस?" मास्तरांनी विचारलं. मास्तर म्हणजे लिओनहार्ड, शाळेतून निवृत्त झालेले, गायकवृंद तेच चालवत.

"आज नाही," कोर्बिनियन म्हणाला. त्याची सफरचंदाची बाग होती. आभाळाचं त्याला विचारावं. "पण येणार. या आठवड्यात येणार."

मग ते खाणीत उतरले. तिन्ही बाजूंना काळ्या-करड्या दगडाचा कातळ, तळाशी साचलेलं पाणी, त्यात ढग अडकलेला. कातळाच्या कपारींत कावळ्यांची घरटी होती आणि ते खालच्या माणसांकडे बघत गप्प बसले होते. रोझविटाने सहज मान वर केली.

वर, कातळाच्या काठावर, त्यांचं चर्च उभं होतं.

ते तिने या बाजूने कधी पाहिलं नव्हतं. इतकं जवळ असेल असंही वाटलं नव्हतं. भिंतीवरचा चुना कुठे उडालाय तेही दिसत होतं. आणि खिडक्या. ओळीने सातही, खाणीवर वाकून बघत असल्यासारख्या. सकाळी झाडलोट करून तिनेच हवेसाठी उघड्या ठेवल्या होत्या.

"एक करून बघा," इन्का म्हणाली. तिने दोन्ही हात एकमेकांवर आपटले. टाळी कातळावर गेली, पाण्यावरून परतली, दुसऱ्या कातळावर चढली आणि वर, काठापलीकडे निघून गेली. चर्चच्या मनोऱ्यावरून पारव्यांचा थवा भर्रकन उडाला.

वालबुर्गाने गळ्यातला रुमाल घट्ट केला.

"मिक्शा लेव्ही म्हणून एक गृहस्थ दर वर्षी यायचे, आता वारले," इन्का म्हणाली. "इथे होते तेव्हा सोळा वर्षांचे. त्यांचे वडील हंगेरीत एका गावच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना गाणारे. मिक्शा मला म्हणायचे, आमच्या घरी आधी सूर उठायचा, मग माणसं. वडील गाडीतून उतरले तेव्हाच गेले. मिक्शा इथे दगड फोडायला. रविवारीसुद्धा काम असायचं. आणि रविवारी सकाळी वरून गाणं यायचं."

मास्तरांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले.

"एक माणूस पुढे म्हणायचा आणि मग पुष्कळजण मिळून त्याला उत्तर द्यायचे. शब्द त्यांना कळायचे नाहीत. पण ही रीत त्यांच्या घरची होती. वडील पुढे, लोक मागे. पहिल्या रविवारी ते नुसते ऐकत राहिले आणि त्याबद्दल मार खाल्ला. दुसऱ्या रविवारी मागच्यांची ओळ त्यांनी ओठांत म्हटली. मग शेजारच्याने. ते म्हणायचे, दगडावर घाव घालताना ती ओळ बरोबर बसायची. महिन्याभरात अर्धी खाण ओठांत म्हणू लागली. आठवडाभर माणसं रविवारपर्यंत टिकायचं असं ठरवून टिकायची." ती थांबली. "आणि एका रविवारी ते मोठ्याने गायले. सगळे. वरच्या माणसाने ओळ सोडली आणि ती इथून झेलली. रखवालदारांनासुद्धा क्षणभर काय करावं सुचेना."

"मग?" वालबुर्गाने विचारलं.

"मग पुढच्या रविवारपासून गाणं आलंच नाही. घंटा यायची. गाणं नाही. शेवटपर्यंत नाही. मिक्शांच्या मनाने घेतलं की आपल्यामुळे त्या लोकांवर काहीतरी गुदरलं. त्या धर्मगुरूला पकडून नेलं असेल, गावाला गायची बंदी केली असेल. तो हिवाळाभर ते वरच्या माणसांसाठी प्रार्थना करायचे. अनोळखी माणसांसाठी. म्हातारे झाले तरी दर वर्षी इथे उभे राहून मला विचारायचे, 'इन्का, वरची माणसं वाचली का?'" ती जरा ओशाळून हसली. "मला उत्तर देता आलं नाही. या कड्यावर तीन गावं आहेत, आणि वाऱ्याचा काय भरवसा. गाणं कुठलं तेच कळेना. चाल मात्र त्यांनी मला शिकवली. तुम्ही गाणारी माणसं आहात, म्हणून विचारते. ओळखीची वाटते का बघा."

आणि ती गुणगुणली. आवाज कच्चा, शब्द नाहीत. सूर एक पायरी खाली उतरला, थबकला, आणि वर चढला.

रोझविटाला वाटलं, आता कोणीतरी बोलेल. मास्तर बोलतील. तिने मास्तरांकडे पाहिलं; ते चष्म्याच्या काचेवर काहीतरी शोधत होते. वालबुर्गा पाण्याकडे बघत होती. एवढी सगळी गाणारी माणसं, आणि एकाच्याही छातीतून श्वास फुटेना.

"नाही बुवा," शेवटी कोर्बिनियन म्हणाला. "आमच्याकडचं नाही. खालच्या अंगाच्या गावचं असेल."

"जुनं दिसतंय," मास्तर म्हणाले.

इन्काने मान हलवली. रोझविटा शेवटची राहिली होती, म्हणून इन्काने तिच्याकडे पाहिलं.

"घरी विचारते," ती म्हणाली. "आई जुनी आहे."

परतताना बसमध्ये डबे उघडले गेले नाहीत. पाव, थंड मांसाचे तुकडे, मोहरी, सगळं तसंच पिशव्यांत. वळणावर वालबुर्गा एकदम म्हणाली, "काय जीभ आहे रे तुझी, कोर्बी. एका दमात कानांवर हात!"

"तू का नाही बोललीस मग? तुला कोणी धरलं होतं?"

बसच्या खिडक्या उघड्या होत्या आणि त्यांतून डोंगराचा गार वास येत होता. आज त्यांपैकी एकीलाही रोझविटाने हात लावला नाही.

*

आई खिडकीशी बसून वाटाणे सोलत होती. डोळ्यांना दिसत नसलं तरी बोटांना दिसे. रोझविटाने पिशवी ठेवली, बूट काढले, समोर बसली आणि मूठभर शेंगा आपल्याकडे ओढल्या.

"ठरलं गाणं?"

"अजून नाही." थोड्या वेळाने ती म्हणाली, "आई, खिडक्या लावायला तुला कोणी सांगितलं होतं?"

"गारा—"

"गारांचं नको. त्याच्या आधीचं सांग. त्या रविवारचं."

आईची बोटं थांबली. एक वाटाणा पातेल्यात पडला आणि टणकन वाजला.

"कोण बोललं तुला?"

"तिथली वाटाडी. तिला एका माणसाने सांगितलं होतं, खाणीत होता तो. आता वारला. दर वर्षी येऊन विचारायचा, वरची माणसं वाचली का म्हणून."

जपमाळेचा क्रूस आईच्या मनगटाखाली हलत होता.

"आमचं विचारायचा?"

"हो. तुमच्यासाठी प्रार्थना करायचा. त्याला वाटलं, तुमच्यावर काही गुदरलं."

"आमच्यावर," आई म्हणाली.

बाहेर कोणाचं तरी कुत्रं भुंकून थांबलं. रोझविटा शेंग हातात धरून बसली. आतापर्यंत तिच्या मनात एक जागा होती जिथे आई म्हणणार होती, छे गं, ते दुसऱ्या गावचं.

"छान गायचे गं," आई म्हणाली. "आमच्यापेक्षा छान. आधी आधी वाटायचं, आपलाच आवाज घुमून येतोय. खाण आहे, घुमणारच. मग एका रविवारी फादरनी 'पोरक्यांसाठी' म्हटलं, आणि आम्ही तोंड उघडायच्या आत खालून आलं. पुरुषांचा आवाज. नुसते पुरुष. आपली चाल, पण शब्द कसले तरी मोडके. फादर थांबले. पुढची ओळ त्यांना येईना. सगळी माणसं खाली मान घालून बसली. कोणी कोणाकडे बघेना."

"मग?"

"बाप माझा लढाईवर. बांबू माझ्याकडे होता. सतरा वर्षांची होते." ती हाताने हवेत बांबू धरल्यासारखं करून थांबली. "मला कोणी सांगितलं नाही, रोझी. सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मला वाटलं, देवासमोर आता आपण काय म्हणायचं? ते असं म्हणताहेत, मग आपलं कोण ऐकणार? मी उठले आणि एकेक लावली. सातही. फादर नको म्हणाले नाहीत. शेवटची लावली तेव्हा त्यांना पुढची ओळ आठवली."

रोझविटाने शेंग पातेल्यात टाकली, सालासकट.

"मग मी गारांची वाट बघितली," आई म्हणाली. "रोज. उठलं की आभाळाकडे बघायचे. पडणारच, म्हटलं. पडायलाच हव्यात. काळे ढग यायचे आणि पुढे जायचे. त्या वर्षीसारखं पीक कधी आलं नाही. लोक माझ्या हाताची चुंबनं घ्यायचे. झेन्झीचा हात लागला, गाव वाचला." तिने ते हात मांडीवरून उचलले, कुठे ठेवावे कळेना म्हणून पुन्हा तिथेच ठेवले. "पडल्या असत्या तर मी पुन्हा उघडल्या असत्या गं."

*

शनिवारी रोझविटाने स्मृतिस्थळाला फोन लावला.

"मी श्टेगनरीडहून बोलते," ती म्हणाली. "ती चाल आमची आहे." पलीकडे इन्का काहीतरी विचारत होती. रोझविटाने ते पुरतं ऐकून घेतलं नाही. थांबली असती तर उरलेलं बोलणं झालं नसतं. "वरची माणसं वाचली. सगळी वाचली. एवढंच सांगायचं होतं."

रविवारी सकाळपासून उकाडा होता. ढगांची ती कड आठवडाभर डोंगरामागे दबा धरून होती. आता ती वर आली होती आणि तिच्या पोटाला हिरवट झाक होती. बागांमध्ये सफरचंदं अंगठ्याएवढी झालेली. चर्चच्या पायरीवर पुरुष आत जायचे सोडून आभाळाकडे बघत होते. त्या जुन्या रविवारची, 'पोरक्यांसाठी'च्या ओळीला खालून आलेल्या उत्तराची गोष्ट रोझविटाने वालबुर्गाला सांगितली होती, आणि एव्हाना ती घरोघर पोचली होती.

रोझविटाने आईची चाकाची खुर्ची खांबाजवळ, नेहमीच्या जागी लावली. फादर एमेराम वेदीपाशी आले. मास्तरांनी ऑर्गनचा एक सूर दिला. रोझविटाने घंटेच्या दोराशेजारचा बांबू काढला आणि पहिल्या खिडकीखाली जाऊन उभी राहिली.

लोक कडी लागल्याचा आवाज ऐकायला थांबले होते. इतकी वर्षं तो आवाज झाला की मगच गळे साफ व्हायचे.

ती तशीच उभी राहिली. वर आकडा होता, त्याच्या वर उघडी चौकट, तिच्यात आभाळ. मग ती वळली, खांबापाशी आली, आणि बांबू आईच्या मांडीवर आडवा ठेवला. आईची बोटं त्यावरून फिरली, आकड्यापर्यंत गेली, परत आली.

बाकांमध्ये कुजबुज उठली. गायकांच्या रांगेतून कोर्बिनियन खाली उतरला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"आजी," तो हळू आवाजात म्हणाला, "आभाळ भरलंय. माझी बाग आहे. सगळ्यांच्या आहेत. द्या तो इकडे."

झेन्झीआजीने बांबू दोन्ही मुठींत धरला. नव्वदी उलटलेल्या त्या मुठी, पण सोडवून घ्यायचा म्हटलं असतं तर सगळ्यांदेखत बोटं उलगडावी लागली असती.

"तू त्या पोरीला काय सांगितलंस, कोर्बी?" ती म्हणाली. "आमच्याकडचं नाही म्हणून?"

कोर्बिनियन उभा राहिला. मग कोणी न सांगता जवळच्या बाकावर, बायकांच्या बाजूला, बसला. वालबुर्गाने सरकून त्याला जागा दिली.

फादर एमेराम या गावात नवे होते. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी एकदा खिडक्यांकडे पाहिलं, आणि गोष्ट सुरू केली. शब्द थोडं अंतर चालले, मग सुराने त्यांना उचललं. आगीपासून. गावाने झेललं, पण चाचरत. आवाज भिंतींवरून परत यायच्या ऐवजी बाहेर निघून जात होता आणि कोणाला आपला स्वतःचा गळा ओळखीचा वाटत नव्हता. विजेपासून. वाटेवरच्या मरणापासून. *ऐक, प्रभू, वळून पाहा.* उजेड पिवळा पडत गेला. कोणीतरी मूल रडायला लागलं आणि त्याला गप्प केलं गेलं.

"पोरक्यांसाठी," फादरनी म्हटलं आणि सूर सोडला.

मास्तरांचे हात ऑर्गनवर होते, पण त्यांनी कळ दाबली नाही. वालबुर्गाने श्वास घेतला आणि धरून ठेवला. बाकांवरून एकही आवाज उठला नाही. फादर गोंधळून लोकांकडे बघत राहिले. सूर खिडक्यांतून बाहेर गेला, काठावरून खाली उतरला, आणि सगळा गाव बसून राहिला.

दूर, खाणीच्या बाजूने, काहीतरी सुरू झालं. आधी अगदी बारीक, दगडावर दगड पडावा तसं. मग पुष्कळ. ते कातळ चढून वर येत होतं. पहिली गार खिडकीच्या चौकटीवर आपटली, आत उसळली आणि फरशीवरून घरंगळत कोर्बिनियनच्या बुटापाशी थांबली. त्याने पाय मागे घेतला. उठला नाही.

झेन्झीआजीने मान खिडकीकडे वळवली आणि एक हात बांबूवरून काढून कानामागे धरला.